कीर्तनातून उठून आलेली सोजर

सोजर, तुझ्या तेराव्याला म्हाराज येणार न्हाई.

माणिक आला व्हता सांगायला. माझा चुलत भाऊ असला तरी गावच्या सप्त्याचा मालक असल्यागत बोलतो, तुला म्हाईतच हाय. ओट्यावर बसला, पाणी प्याला, तुझ्या फोटूला हात जोडले. मंग हळूच म्हणला, "किसनदादा, म्हाराजांची तारीख मिळायलीय. येरवी लोक वर्स वर्स थांबतेत. तेराव्याला कीर्तन झालं तर वहिनीचं नाव व्हईल."

कोणते म्हाराज ते त्यानं सांगितलं न्हाई आन मी इचारलं न्हाई. आपल्या गावाला आता एकच म्हाराज ठावा हाय.

मी म्हणलं, "माणक्या, त्याच्या कीर्तनातून जी बाई उठून आली तिच्याच तेराव्याला त्याला उभं करतूस व्हय? मेलेल्या माणसाला उठून जाता येत न्हाई म्हणून?"

त्यो तोंड पुसत उठला. चहा तसाच राहिला. शेवटी मीच पिलो.

आता बाबू म्हणतो, "बाबा, म्हाराज नको तर नको, पण कुणीतरी दोन शब्द बोलाय पायजेत. तुमीच बोला." आपलं पोरगं पुण्याला राहून सभ्य झालंय. मी बोलाय उठलो की तोंडातून काय पडतंय ते तुला ठावं हाय. म्हणून लिहायलोय. शाळा चौथीपातूर, ती बी गुरं राखत. जल्मभर रेल्वेत गँगमन, हातात हातोडी. लिहिलेलं बाबू वाचून दाखवणार हाय. चुकलेलं त्यानं नीट करावं, शिव्या मात्र काढू नयेत, असं त्याला बजावलंय. तरी मी लय कमी घातल्यात. तुझा तेरावा हाय म्हणून.

तू कीर्तनवेडी. पिंगळीला सप्ता बसू दे न्हाई तर चुडाव्याला, तुझं पोळपाट-लाटणं पिशवीत. आपल्याकडं बाया सप्त्याला आपापलं पोळपाट घेऊन जातात, मंडपाच्या कडंला बसून पंगतीच्या पोळ्या लाटतात आन लाटता लाटता ऐकतात. तुझं लाटणं बाभळीचं, मी तासून दिलेलं. चार बायांत तुझ्या लाटण्याचा आवाज मला लांबूनबी कळायचा.

मी कधी मंडपात बसलो न्हाई. पारावर बसून बिडी वढायची, भोंग्यातून आलं तेवढं ऐकायचं. मी म्हणायचो, "आगं, ही तोंडं भाड्यानं मिळतेत. ज्यानं मंडप घातला त्याचं गाणं गातेत." तू म्हणायचीस, "एक दाणा किडका निघाला म्हणून कुणी पोतं उकिरड्यावर टाकतं व्हय?" मी म्हणायचो, "मूठ घालून बघ, किडकाच हाताला लागतोय." तू म्हणायचीस, "तुमचा हातच तसला." ह्या एका भांडणावर आपण पुरा संसार काढला. मिटलं न्हाई. मिटू नये असंबी वाटायचं. मिटलं असतं तर म्हातारपणी बोललो काय असतो?

आन आता हलीमाभाबीचं सांगतो. तुला सांगायची गरज न्हाई, पण ऐकणाऱ्यांत पाव्हणे असतील.

हलीमाभाबी म्हंजे आपल्या गल्लीच्या तोंडाची मन्यारीन. तू जिंतूरकडून लगीन होऊन आलीस तवा तुझा चुडा तिच्या सासूनं भरला, आन टोपली धरून बाजूला ही बसली व्हती, तुझ्याच वयाची, नवीच नांदाय आलेली. सासू गेली, टोपली हिच्याकडं आली. तवापासून तुझ्या हाताला दुसऱ्या कुणाचा हात न्हाई. नागपंचमी, संक्रांत, बाबूच्या येळंचं डोहाळजेवण, बाबूचं लगीन. ओट्यावर दोघी गुडघ्याला गुडघा लावून बसायच्या. ती तुझी बोटं एका मुठीत दाबायची, अंगठ्याखालचं मांस चोळायची आन म्हणायची, "सैल सोड माय हात, सैल सोड. हात हाय का रुळाचा तुकडा?" तू म्हणायचीस, "गँगमनची बायको हाय, रुळच असणार." मंग दोघी हसायच्या, आन हसताना तुझा हात सैल पडायचा, तेवढ्यात बांगडी आत.

शेवटाला ती एक बांगडी जास्तीची घालायची, रिवाजाची. मंग हात मांडीवर ठेवून थांबायची. तू वाकून तिला नमस्कार करायचीस. बांगड्या भरून घेतल्यावर भरणारीला नमस्कार करायचा, मंग ती कुणीबी असू दे, हे आपल्या बायांना आईच्या दुधासंगं शिकवतेत. ती तुझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणायची, "चुडा कायम राहू दे तुझा." मी आतून वरडायचो, "भाबी, म्हंजे आधी हिला धाडायलात! मंग मला भाकर कोण घालणार?" ती म्हणायची, "दादा, तुमी उपाशी मरा."

खरं झालं बघ तिचं म्हणणं. तू चुड्यासकट गेलीस आन मी सुनंच्या हातची कागदावाणी पातळ भाकर खायलोय.

आता परसालचा सप्ता.

शेवटच्या दिवशीच्या काल्याला माणिकनं त्या म्हाराजाला आणलं. मोबाईलवर लय चालणारा. पांढरी गाडी, पांढरे कपडे, मागं-पुढं पोरं. आधी माणिकच्या घरी जेवला. मी दारातून जाताना बघितलं, तूप मनगटापातूर वघळलेलं, आन चाटायला. जेवू दे म्हणा, जेवणाचा राग न्हाई. पण त्याच तोंडानं तासाभरानं जे बाहीर काढलं, तवापासून मी ताटात तूप वाढून घेत न्हाई.

पयले थोडा वेळ देवाचं बोलला. मंग गाडी घसरली. म्हणला, त्यांचा धर्मच तलवारीचा. त्यांच्यात खून शिकवावा लागत न्हाई, पाळण्यातच पाजतेत. म्हणला, माय-माउल्यांनो, आज जो हात तुमच्या हाताला धरून बांगडी भरतो, त्योच हात उद्या तुमच्या लेकराच्या नरड्यावर येईल. त्यांच्या हातची बांगडी घालू नका, त्यांच्या दुकानाची पायरी चढू नका.

आन टाळ्या! सोजर, टाळ्या. पारावर बसून मला भोंग्यातून टाळ्या ऐकू आल्या. ओळखीचे तळहात. ज्यांच्या घरी मी लग्नाकार्यात पाणी वाढलं, त्यांचे. बिडी कडू लागली. रुळाला तडा गेला की हातोडीच्या ठोक्याला आवाज बद बद येतो, खणखणीत येत न्हाई. सगळं गाव मला तसं बद वाजल्यागत झालं.

इनमिन चार घरं त्यांची आपल्या गावात. एक मन्याराचं, एक पिंजाऱ्याचं, दोन मजुरांची. हलीमाभाबीच्या घरात हत्यार म्हणावं तर मूठ तुटलेली एक इळी. गावात रगत सांडलेलं मी दोनदा बघितलं, दोन्ही टायमाला बांधावरून. कुऱ्हाड मारणारा आन कुऱ्हाड खाणारा एकाच आज्याचे नातू. दोघांच्याबी गळ्यात माळ. त्यांचा धर्म तलवारीचा म्हणून कुणी कीर्तन केलं न्हाई. आन करूबी नये. कुऱ्हाडीला धर्म नसतो, बांध असतो.

तर टाळ्या वाजायल्या आन भोंग्यातून म्हाराजाचा आवाज आला, "माऊली, ओ माऊली, कीर्तन सोडून जाऊ नये. पाप लागतं."

आन मंडपातून तू बाहीर आलीस. पदर खोचलेला, कोपरापातूर पीठ, बगलेत पोळपाट आन हातात लाटणं. मला वाटलं कुणाला तरी हाणून आलीस. मी उठून उभा राहिलो, म्हणलं आता पोलिसात जावं लागतंय.

तू काय बोलून आलीस ते मला मागून माणिकच्या बायकोनं सांगितलं, तोंडाला पदर लावून. म्हाराज पाप लागतं म्हणला तर तू थांबलीस, वळलीस, म्हणलीस, "लागू द्या. मी नदीवर जाऊन धुऊन घेईन. तुमी बोललात ते कशानं धुवावं?" आन म्हणलीस, "माझ्या हातच्या पोळ्या ह्या तोंडाला न्हाईत." आन सगळ्या बाया-बाप्यांमधून वाट काढत निघालीस. एकटी. एवढ्या मंडपातून एकटी.

लोक हसले. म्हाताऱ्या बाईला हसणं सोपं असतंय. पोरांनी कीर्तन मोबाईलमधी धरलं आन गावोगाव धाडलं, पण त्यातून तू उठलेलं कापलं. टाळ्या ठेवल्या, तुला काढलं. माणिक मला रातीच म्हणला व्हता, "दादा, घरचीला आवर." मी म्हणलं, "माणक्या, मला जल्मात आवरली न्हाई, तुझ्यासाठी आवरू?"

मागून पोरांनी मला चहाच्या टपरीवर आणखी एक दाखवलं. लांबच्या शहरातला कुणीतरी मौलाना. कसल्यातरी असल्याच म्हाराजाला जबाब देत व्हता. बोटं नाचवत म्हणत व्हता, आमच्या वाटंला जाल तर आमालाबी हात हायेत, मंग बघा. घ्या! एक म्हणतो तुमी खुनी, दुसरा म्हणतो मंग करूनच दाखवतो. दोघांचीबी गाडी पांढरी, दोघांच्याबी मागं पोरं, दोघांचंबी दुकान एकमेकांच्या जिवावर. भाबीचा रफीक टपरीवर ऑटो लावून उभा व्हता, त्यानंबी बघितलं. मान खाली घालून ऑटोत बसला. त्याला ना त्यो म्हाराज इचारून बोलला व्हता, ना ह्यो मौलाना. आन भोगायचं त्यानं. हप्ताभर त्याच्या ऑटोत कुणी बसलं न्हाई.

मला दोघांची शिसारी हाय, पण जास्ती कुणाची म्हणशील तर आपल्याची. दुसऱ्याच्या उकिरड्याचा वास वाऱ्यासंगं येतो, आपला तर दारातच असतो.

पण सोजर, मला तुझ्यासंगं भांडायचंय ते ह्याच्यावरून न्हाई.

तू मंडपातून निघून सरळ घरी आली न्हाईस. हलीमाभाबीच्या दारापाशी थांबलीस. मी मागं-मागं यायलो व्हतो, मी बघितलं. भोंगा खांबावर बांधलेला व्हता, त्याचं तोंड बराबर तिच्या दाराकडं. दार आतून लावलेलं. तू कडीला हात लावलास, पिठाचा. वाजवली न्हाईस. हात खाली आला. मंग घरी आलीस, चूल पेटवलीस आन देवापुढं दिवा लावून रोजच्यासारखी बसलीस.

मी म्हणलं, "आतातरी सोड की हे. बघितलास ना तुझा पोत्यातला दाणा?"

तू म्हणलीस, "देव काय त्याच्या बापाचा हाय?"

ते भांडण मी तिथंच ठेवलं. मी म्हणलं, जा, भाबीला सांग की तू उठून आलीस. तू म्हणलीस, "काय सांगू? मी चांगली हाय म्हणून दवंडी पिटू? सांगायचं म्हणलं की त्याचं बोललेलं तिच्या दारात पुन्हा बोलावं लागल. एकदा ऐकलं तिनं, बास झालं. तिला वाटल तवा ती येईल."

ती आली न्हाई. तिनं भोंग्यातून सगळं ऐकलं, टाळ्याबी ऐकल्या, आन तिला ठावं व्हतं की तू त्या मंडपात पोळ्या लाटायला गेलीस. तुझ्यापुढं माईक नव्हता, सोजर. म्हाराजाचं दहा गावांनी ऐकलं आन तुझं माणिकच्या बायकोनं. भाबीला वाटलं तूबी बसून ऐकलंस. ती हिकडून जायची तर पदर वढून जायची. तू ओट्यावरून बघायचीस, ती गेली की मिसरी लावायचीस. गावात कुणी तिला सांगितलंबी न्हाई, कारण त्या दिवसापासून त्या चार घरांशी बोलायचंच लोकांनी सोडलं. चुकून कुणी बोललं तर पोरं टोकायची. मीबी तोंड उघडणार व्हतो दोनदा, पण तू शपथ घातलीस. तुझ्या शपथेला मी देवापरीस जास्ती भ्यायचो.

दोघी अशा हट्टी. वर्सभर हाकंच्या अंतरावर राहून एकमेकींची वाट बघितली. त्या म्हाराजाला हे ठाऊक तरी हाय का? त्याला ठाऊक असतं तरी त्यानं तूप चाटलं असतं.

तुझ्या बांगड्या एकेक वाढत गेल्या, फुटल्या म्हणू नये. भांडी घासताना एक, सरपण फोडताना एक. सुनेनं परभणीहून डझन आणून दिली, तू डब्यात ठेवलीस. म्हणलीस, "सैल हायेत." सैल नव्हत्या. मंग अंगात पाणी भरलं, हात-पाय सुजले. दवाखान्यात सिस्टर म्हणली, आजी, सलाईन लावायचंय, बांगड्या काढाव्या लागतील. तू एक हात दिलास आन दुसरा पदराखाली घातलास. ती म्हणली, असं कसं चालंल? तू म्हणलीस, "ह्याच हाताला सुई मार, बाई. त्यो हात दुसऱ्याचा हाय."

घरी आणल्यावर मला जवळ बोलावलंस. मला वाटलं बाबूचं काही सांगतेस. म्हणलीस, "शेवटचा चुडा हलीमानंच भरायचा." मी म्हणलं, आता बोलावू का? म्हणलीस, "जित्तेपणी न्हाई. तिला वाटल मरायला टेकले म्हणून बोलावलं." असा कुठं हट्ट असतो का गं? मी तवाच तुझी शपथ मोडून गेलो असतो तर दोघी एक सांज तरी संगं बसल्या असत्या. ह्यावर मी तुझ्याशी अजून भांडणार हाय. तुझं चुकलं. तू मेलीस म्हणून बरोबर ठरत न्हाईस.

तू सकाळी गेलीस. दिस कलायला बाबू पुण्याहून आला, भावकी जमली. बायांनी तुला न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. माणिकच्या बायकोनं हिरव्या बांगड्यांचा डबा उघडला. मी म्हणलं, "थांबा. हलीमाभाबी भरल."

सगळे माझ्याकडं असे बघाय लागले, जसं मी मढ्यापुढं तमाशाचं गाणं म्हणलं.

माणिक म्हणला, "दादा, आज नको. पोरं ऐकायची न्हाईत. ती आत आली तर भावकी खांदा देणार न्हाई."

"तिची शेवटची इच्छा हाय, माणक्या."

"मेलेल्याला काय कळतंय!"

"मंग तू लुगडं-मळवट कुणासाठी करायलास?"

बाबू म्हणला, "बाबा, वाद नको ना आता." पायात वाहाण घातली आन निघालो.

भाबी दारातच बसली व्हती. रडून डोळे सुजलेले. बातमी तिला कळली व्हती, पण यायचा पाय उचलला नव्हता. मी म्हणलं, "चला. सोजरचा चुडा भरायचाय."

ती म्हणली, "दादा, मला नका नेऊ. तुमची तिरडी अडल. आन सोजरनं तरी मला कुठं बोलावलं? त्या दिवशी भोंग्यातून एवढं सगळं आलं, तुमच्या त्या मंडपातून एक माणूस तरी उठलं का?"

मी म्हणलं, "उठलं की."

ती बघायला लागली.

मी म्हणलं, "म्हाराज एका बाईला म्हणला नव्हता का, माऊली कीर्तन सोडून जाऊ नये? ऐकलं असंल तुमी."

"ऐकलं. कोण माऊली?"

"कोण म्हंजे! तुमच्या दारापातूर आली व्हती लाटणं घेऊन. कडीला पीठ लागलेलं दिसलं न्हाई का तुमाला?"

सोजर, ती बाई त्या कडीकडं बघत राहिली. मंग तिनं तोंडावर पदर घेतला आन असा आवाज काढला, तसा तुझ्या मरणालाबी कुणी काढला नव्हता. रफीक आतून पळत आला. ती म्हणली, "चूड़ियों की पेटी निकाल." त्यो म्हणला, "अम्मा, वहां लोगां हैं." ती म्हणली, "लोगां हैं तो मैं बी हूं ना? निकाल."

दारात माणिक आडवा उभा व्हता. मागं पोरं. म्हणला, "भाबी, तुमी घरी जा. आमचं आमाला करू द्या."

मी म्हणलं, "सर."

"दादा, खांदा मिळणार न्हाई हां. सांगून ठेवतो."

"तुझा खांदा तुला ठेव. म्हाराजाची गाडी चिखलात फसली की लाव."

तवा बाबू आतून आला. त्यानं माणिकला बाजूला केलं न्हाई, शिवी दिली न्हाई, तुझ्यावर गेलाय ना. नुसतं त्याच्या खांद्यावरून हात पुढं केला, भाबीच्या हातातली पेटी धरली आन म्हणला, "काकू, या. माय वाट बघायलीय."

भाबी तुझ्यापाशी बसली. गुडघ्याला गुडघा. तुझा हात मांडीवर घेतला. सुजलेला, गार, कडक. मनगटावर एकच जुनी बांगडी राहिली व्हती, तिनंच भरलेली. ती बघून तिचे हात थांबले. मंग तिनं तुझी बोटं मुठीत घेतली, अंगठ्याखाली चोळाय लागली आन म्हणली, "सैल सोड माय हात. सैल सोड. मला का न्हाई सांगितलंस गं बये? सैल सोड."

भाबी चोळत व्हती, बोलत व्हती, चोळत व्हती. सगळ्या बांगड्या आत गेल्या का? न्हाई. दोन वाढवल्या, हाताला सूजच तेवढी. तिनं त्यांचे तुकडे पदरात घेतले आन दुसऱ्या भरल्या. दोन्ही हात भरले. शेवटाला रिवाजाची एक जास्तीची.

आन मंग ती थांबली. हात मांडीवर ठेवून. जुन्या सवयीनं. तू नमस्कार करशील म्हणून.

तिच्या ध्यानात आलं तवा तिनं हात उचलायला सुरवात केली. मी उभा व्हतो, खाली बसलो. मी कुण्या म्हाराजाच्या पायावर कधी डोकं ठेवलं न्हाई, देवळात गेलो तर तुझी पिशवी धरून बाहीर उभा राहिलो. तिथं माणिक, भावकी, त्यांची पोरं, सगळ्यांच्या देखत मी हलीमाभाबीपुढं वाकलो. तुझा नमस्कार राहिला व्हता, सोजर. त्यो केला. माझा त्यात काही न्हाई.

तिनं डोक्यावर हात ठेवला. चुडा कायम राहू दे म्हणायची सोय नव्हती. शेवटी म्हणली, "दादा, उपाशी नका मरू."

खांदा? खांद्याचं कधी अडत न्हाई. बाबू, रफीक, पलीकडच्या गल्लीतले कांबळे गुरुजी आन त्यांचा भाऊ. गुरुजी म्हणले, "किसनराव, आमाला खांद्याची सवय हाय, आमच्या मढ्यालाबी तुमची भावकी कधी आली नव्हती." हसू आलं मला, खरंच आलं. भावकी मागून आली, अंतर ठेवून, जसं मरण न्हाई, रोग चाललाय. माणिक पारावरच राहिला. पण राखंच्या दिवशी सगळ्यात आधी त्योच आला, आन आता तेराव्याची तारीख घेऊन त्योच. असल्यांची लाज जाते कुठं? धुतल्यागत सफा.

तर म्हाराज न्हाई. मांडवात भोंगा न्हाई. पोळ्या तुझ्या पोळपाटावर लाटायच्यात, तुझ्याच लाटण्यानं. माणिकच्या बायकोनं आपणहून इचारलं, "मी येऊ का लाटायला?" म्हणलं ये. तुझं बोललेलं तिनं तरी ऐकलं व्हतं.

आपलं भांडण तिथंच राहिलंय. देव त्याच्या बापाचा न्हाई, हे तुझं कबूल. पण मंग हाय कुणाचा, ते सांगायच्या आधी गेलीस. दिवा सुनेनं लावला नव्हता काल, मी लावला. वात तिरकी झाली. हसू नको.

पयल्या पंगतीला पयल्या ताटावर हलीमाभाबी बसणार हाय, तिच्याजवळ रफीक, मंग गुरुजी, मंग मी. बाबू हे वाचील तवा ताटं वाढलेली असतील. ज्याला तिच्या पंगतीला बसायचं नसंल त्यानं उठावं. मी अडवणार न्हाई, पाप लागतं असंबी म्हणणार न्हाई. उठायचा हक हाय, माझ्या बायकोनं वापरलाय त्यो. फकस्त दारातून जाताना एवढं ध्यानात घ्या, की ती कशावरून उठली व्हती आन तुमी कशावरून उठायलात.

बाबू, वाचून झालं की लगीच खाली बसू नको. सगळ्यांकडं बघ. कोण उठतंय ते तुझ्या मायला नीट सांग.